हातातला गोटा

तिगाव हे नाव गोव्यातील फारच थोड्या वाचकांच्या कानावर आले असेल. नागपूरहून इटारसीकडे निघालेली गाडी काटोल आणि नरखेड मागे टाकून महाराष्ट्राची सीमा ओलांडते, पांढुर्णा घेते आणि पुढे चिचोंड्याचा घाट चढण्यापूर्वी तिगावच्या लहानशा स्थानकावरून जाते. मुलूख मध्य प्रदेशाचा, पण भाषा मराठी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठी पट्टा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा, कपाशीची शेते आणि श्रावण अमावास्येचा पोळा यांत तिगावच्या शेतकऱ्याचे वर्ष जसे सरते, तसेच पलीकडच्या काटोलच्या शेतकऱ्याचेही सरते.

या भागाचे नाव वर्षातून एकदा देशभरच्या वृत्तपत्रांत झळकते, ते मात्र संत्र्यांमुळे नव्हे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण बांधतात, आणि ते झाड तोडून निशाण हस्तगत करण्यासाठी दोन्ही काठांवरून दिवसभर गोट्यांचा वर्षाव चालतो. मागची आख्यायिका अशी सांगतात की, पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला असता दोघे नदीच्या मधोमध सापडले आणि दोन्हीकडच्या दगडांत त्यांचा अंत झाला. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर अनेकांनी प्राणही गमावले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले; ते कोणी हाती धरले नाहीत. आता पोलीस, डॉक्टर आणि रुग्णवाहिका काठावर सज्ज ठेवणे एवढेच सरकारच्या हाती उरले आहे.

दूर समुद्रकाठी बसून ही हकिकत वाचताना आपण मान हलवतो आणि पान उलटतो. पण थोडे थांबून विचार केला, तर ही मान हलवण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, असा प्रश्न पडतो. पांढुर्ण्याचे लोक वर्षातून एक दिवस, उघड्यावर, सगळ्यांच्या देखत गोटे मारतात. आपण उरलेले तीनशे चौसष्ट दिवस मारत असतो, फक्त आपल्या गोट्यांना आवाज नसतो. शेजाऱ्याच्या नमस्काराला उत्तर न देणे, कचेरीत सहकाऱ्याची फाईल मुद्दाम खालच्या खणात सरकवून ठेवणे, जेवताना सुनेच्या माहेराचा उल्लेख करणे, वईच्या एका हाताच्या जागेसाठी पंचायतीपासून न्यायालयापर्यंत कागद धाडत राहणे, हे सारे गोटेच होत. त्यांनी डोके फुटत नाही. माणूस मात्र आतून फुटतो.

ख्रिस्ती धर्माने माणसाला दिलेल्या शिकवणुकीत शत्रूवर प्रीती करण्याची आज्ञा ही सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत कमी पाळली गेलेली. गोव्यात ती चर्चमध्ये जाणाऱ्यांनी जेवढी ऐकली आहे, जवळजवळ तेवढीच शेजारच्या हिंदूंनीही ऐकली आहे. पण या आज्ञेची खरी अडचण शत्रूपाशी येत नाही. शत्रू बहुधा दूर असतो. त्याच्याविषयी रविवारी सकाळी क्षमाशील होणे फारसे कठीण नसते. अडचण येते ती जवळच्या माणसापाशी. सतत कुरकुरणारा वडीलधारा, प्रत्येक कामात खोट काढणारा वरिष्ठ, उपकार करून ते मोजून दाखवणारी आत्या, भिंतीपलीकडे राहणारा भांडकुदळ गृहस्थ, ही माणसे आपली शत्रू नाहीत. ती आपल्याला रोज भेटतात आणि रोज नकोशी वाटतात. प्रेमाची परीक्षा द्यायची तर ती त्यांच्या अंगणात द्यावी लागते.

योहानाच्या शुभवर्तमानात गोट्यांचाच एक प्रसंग आहे. व्यभिचारात सापडलेल्या एका स्त्रीला धर्मशास्त्राप्रमाणे दगडांनी ठेचावे की नाही, असा पेच जमावाने येशूपुढे टाकला. तो खाली वाकून बोटाने जमिनीवर काही लिहीत राहिला. मग त्याने एवढेच सुचवले की, ज्याच्या हातून कधीच काही चुकले नसेल, त्याने सुरुवात करावी. एकेक जण निघून गेला, आणि आधी गेले ते वयोवृद्ध. वृद्ध आधी का गेले? कदाचित त्यांच्यापाशी आठवणी अधिक होत्या म्हणून. नकोशा माणसाकडे पाहताना आपण कोणाला कधी नकोसे झालो होतो, हे ज्याला आठवते, त्याच्या हातातला गोटा आपोआप सैल होतो. येशूने त्या स्त्रीला निर्दोष म्हटले नाही. पुन्हा तसे न वागण्यास सांगून तिला जाऊ दिले. दोष पाहायचा, पण गोटा टाकून द्यायचा, ही या प्रेमाची पहिली पायरी.

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला, आणि या प्रेमासाठी त्यात ‘अगापे’ हा शब्द आला आहे. आवड, ओढ, जिव्हाळा यांहून त्याचा अर्थ निराळा आहे. कोणी आपल्याला आवडावे, अशी आज्ञा देता येत नाही. कारण आवडनिवड माणसाच्या हाती नसते. पण कोणाचे भले चिंतावे आणि त्याप्रमाणे वागावे, अशी आज्ञा देता येते. कारण वागणे माणसाच्या हाती असते. तुसड्या माणसाविषयी मनात गोडवा उत्पन्न होईपर्यंत थांबणारा जन्मभर थांबतो. आधी वागणे सुधारावे. मन जमेल तेव्हा मागून येते, आणि कधी येतही नाही. तरीही केलेले वागणे वाया जात नाही.

ही कल्पना मराठी मनाला परकी आहे, असे समजण्याचे कारण नाही. गोदावरीवर स्नान करून परतणाऱ्या एकनाथांच्या अंगावर एक जण पुन्हा पुन्हा थुंकत राहिला आणि नाथ दर वेळी न रागावता पुन्हा स्नानाला गेले, ही कथा आपल्या आजीनेच आपल्याला सांगितलेली असते. परंतु कथेतल्या संताचे आपण कौतुक करतो आणि त्याला देव्हाऱ्यात बसवून मोकळे होतो. म्हणून ज्यांचे राग, हट्ट आणि चुका नोंदलेल्या आहेत, अशा माणसांकडे पाहणे अधिक उपयोगाचे. मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात अशी उदाहरणे आहेत, आणि त्यांतील दोहोंचा संबंध तिगाव ज्यात मोडत असे, त्या जुन्या मध्य प्रांताशी येतो.

पहिले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्मजीवनातील आईच्या ठिकाणी होत्या. रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पण या दोघींचे फार काळ पटले नाही. रमाबाईंनी मांसाहार स्वीकारला नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या प्रश्न विचारीत राहिल्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा ती त्यांनी निमूटपणे मान्य केली नाही. जेराल्डिनना त्या गर्विष्ठ आणि हट्टी वाटल्या; रमाबाईंना वाटले की, आपली सदसद्विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन करण्यासाठी आपण ख्रिस्ताकडे आलेलो नाही. यातले कोण अवघड होते? उत्तर ज्या पत्राच्या बाजूने पाहावे, तसे बदलते.

विशेष हे की, एवढे खटके उडूनही संबंध तुटला नाही. रमाबाईंच्या कन्या मनोरमा यांच्यावर जेराल्डिन माया करीत राहिल्या. पुढे त्यांनीच हा सारा पत्रव्यवहार जपून, लावून ठेवला. आणि त्यात रमाबाईंनी त्यांना सुनावलेली पत्रेही होती. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, म्हणून आज आपल्याला दोन्ही बाजू वाचता येतात. आपल्याविरुद्ध लिहिलेली पत्रे जाळून न टाकणे हीदेखील एक प्रीतीच. ज्याच्याशी वाद झाला, त्याची बाजू त्याच्याच शब्दांत जगापुढे राहू देणे किती जणांना जमते?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. १८७० नंतरच्या दशकात त्यांनी स्वतः उपासमारीत आईवडील आणि बहीण गमावली होती, ती आठवण त्यांना तेथे घेऊन गेली. तीनशेच्या आसपास मुली आणि विधवा त्यांनी सोबत आणल्या. त्या काही वर्षे आधीच, १८९३ साली, शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप होऊन रानडे, भांडारकरांसारख्या मान्यवरांनी सल्लागार मंडळ सोडले होते आणि पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. टीका सोसलेल्या बाईने दार लावून घेतले असते, तर कोणी दोष दिला नसता. शिवाय आलेल्या मुली काही गोंडस, कृतज्ञ बालिका नव्हत्या. दीर्घ उपासमार माणसाला गोड करीत नाही; संशयी, हावरी आणि भेदरलेली करते. अशा मुलींना रोज अंघोळ घालणे, अक्षर शिकवणे, भांडणे सोडवणे हे काम वर्षानुवर्षे चालले. १८९८ पासून केडगावच्या मुक्ति सदनात ते वाढतच गेले. स्मारकावर कोरण्याजोगे यात काही नसते. असतो तो रोजचा पाण्याचा हंडा आणि रोजची तीच कटकट.

दुसरे उदाहरण घरातले आहे, म्हणून अधिक अवघड. नारायण वामन टिळक १८९० नंतरच्या त्या वर्षांत नागपूरहून राजनांदगावकडे निघाले असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी त्यांचा संवाद झाला. त्याने नव्या कराराची प्रत दिली. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी टिळक अडकले आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी आधी कळवले नाही. शत्रूवरही प्रीती करण्याच्या शिकवणुकीने भारलेल्या माणसाकडून सर्वांत जवळच्या माणसावर झालेला हा आघात होता. तो लपवण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाईंनीही तो लपवलेला नाही.

त्यानंतरची चार-पाच वर्षे दोघे विभक्त राहिली. लक्ष्मीबाई कर्मठ सोवळ्यात वाढलेल्या. नवऱ्याचा विरह, लोकांचे बोलणे आणि पदरात लहान मुलगा. टिळक तापट, लहरी आणि हातचे सारे देऊन टाकणारे. संसार करण्यास हा गृहस्थ सोपा नव्हता, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कोणालाही कळते. पण लक्ष्मीबाई परत आल्या, तेव्हा टिळकांनी धर्मांतराची सक्ती केली नाही. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्या आपले सोवळे सांभाळून राहिल्या. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, तेव्हाच ते सुटले. आणि १९०० साली त्यांनी स्वेच्छेने बाप्तिस्मा घेतला. एका घरात सोवळे आणि बाप्तिस्मा शेजारी शेजारी नांदले, यात टिळकांच्या प्रायश्चित्ताचा भाग किती आणि प्रेमाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. सांगून पटवता येत नाही, तेथे वाट पाहणे हेच प्रेमाचे काम असते.

आणि लक्ष्मीबाईंचे काम? टिळक १९१९ साली वारले. १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली. नवऱ्याचा संताप, विक्षिप्तपणा, न सांगता निघून जाणे, सारे त्यांत आहे. नाही ती कटुता. तक्रारीच्या जागी त्या हसतात, आणि अनेकदा स्वतःलाच हसतात. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. तेही लक्ष्मीबाईंनीच पुढे नेले. औपचारिक शिक्षण न झालेल्या एका स्त्रीने हे केले. तऱ्हेवाईक माणसाला पूर्णपणे पाहावे, त्याचे काही विसरू नये, आणि तरीही त्याची गोष्ट विषाचा थेंब न घालता सांगावी, हे गोड बोलण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. मराठीत या प्रेमाला नाव द्यायचे झाले, तर ते ‘हसून सांभाळणे’ असे देता येईल.

येथे एक इशारा आवश्यक आहे. प्रेमाच्या नावाखाली सोसण्याचा उपदेश आपल्या समाजात नेहमी एकाच दिशेने वाहतो: सुनेला, मुंडकाराला, मोलकरणीला, धाकट्याला. नवऱ्याच्या हाताचे वळ अंगावर घेऊन आलेल्या बाईला ‘प्रेमाने जिंक’ म्हणून परत पाठवणारा धर्मोपदेशक प्रेम शिकवीत नसतो, तो मारणाऱ्याला मदत करीत असतो. नुसता स्वभावाने तिरसट माणूस आणि अन्याय करणारा माणूस यांत भेद केला पाहिजे. पहिल्याला सांभाळून घ्यावे. दुसऱ्याला थांबवावे, प्रसंगी पोलीस आणि न्यायालय यांच्या मदतीने थांबवावे. तसे करताना मनात सूड नसावा, एवढेच प्रेमाचे मागणे. रमाबाईंनी आजीबाईंवर माया ठेवली, पण आपला विवेक त्यांच्या हवाली केला नाही. लक्ष्मीबाईंनी नवऱ्यावरचे प्रेम सोडले नाही, पण पटल्याशिवाय धर्मही सोडला नाही. प्रेम आणि शरणागती एक नव्हेत.

दुसरा इशारा हिशेबाचा. मध्य प्रदेशात १९५४ साली मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली गेली, १९५६ साली तिचा अहवाल आला, १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि २०२१ साली त्याची जागा नव्या, अधिक कडक कायद्याने घेतली. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. ज्या सेवेच्या पोटी मोबदल्याची अपेक्षा असते, मग तो मोबदला धर्मांतराचा असो, मताचा असो की नुसत्या कृतज्ञतेचा, ती सेवा प्रेमाच्या कसोटीला उतरत नाही. तसेच, प्रत्येक सेवेमागे डाव असतोच, असे गृहीत धरणारे मनही एक गोटा हातात घेऊनच बसलेले असते.

गोव्याला या शिकवणुकीचा एक सुंदर आचार लाभला आहे. चतुर्थीच्या दिवसांत हिंदूंच्या घरून नेवऱ्यांचे ताट ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाते. नाताळात दोदोल आणि बिबिंक घेऊन ते ताट परत येते. रिकामे ताट परत पाठवायचे नाही, हा त्यातला अलिखित नियम. वर्षभर अबोला धरलेली घरेही त्या एका दिवशी ताट पाठवतात, असे खेड्यापाड्यांतून दिसते. ताट नेणाऱ्या लहान मुलाला अबोल्याचे कारण माहीत नसते. तो भिंतीला वळसा घालून जातो आणि दार वाजवतो. मोठ्यांना जे जमत नाही, ते त्या ताटाने साधते. आजच्या बंद दारांच्या सदनिकांतून ही रीत विरळ होत चालली असेल, तर ती जपणे कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक मोलाचे आहे.

रोजच्या व्यवहारात यापेक्षा मोठे काही करावे लागते, असे नाही. उलट उत्तर ओठांवर आले असता ते एक रात्र राहू द्यावे. ज्याच्याविषयी तक्रार आहे, त्याच्यापाशीच ती बोलावी, गावभर सांगत फिरू नये. तिरसट म्हाताऱ्याला त्याच्या उमेदीच्या काळाविषयी एक प्रश्न विचारावा. तिरसटपणाच्या खाली पुष्कळदा कोणी न ऐकलेली एक गोष्ट असते. आणि महत्त्वाचे म्हणजे आपण स्वतः कोणाच्या तरी घरातले ‘अवघड माणूस’ आहोत, ही शक्यता कधीही विसरू नये. आपल्याला ज्यांनी हसून सांभाळले, त्यांची यादी प्रामाणिकपणे केली, तर ती बरीच लांब निघेल.

जाम नदीच्या काठावर संध्याकाळ होते. पळसाचे झाड पडते, गोटे थांबतात आणि निशाण चंडीमातेच्या मंदिरात नेले जाते. दिवसभर परस्परांवर गोटे मारणारे दोन्ही काठांचे लोक तेथे एकाच देवीपुढे हात जोडतात. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तोच बाजार आणि तेच सोयरसंबंध सुरू होतात. याचा अर्थ असा की, एकत्र हात जोडणे त्यांना येत नाही, असे मुळीच नाही; फक्त ते संध्याकाळपर्यंत लांबते आणि तोवर एखाद्या घरचा दिवा विझलेला असतो. आपलेही तसेच आहे. बहुतेक भांडणे शेवटी मिटतातच, कधी आजारपणात, कधी अंत्ययात्रेत. जे हात सायंकाळी जोडायचेच आहेत, त्यांतला गोटा सकाळीच खाली ठेवता आला, तर मधल्या वेळेतली कितीतरी माणसे वाचतील.